मंगळवेढे : ज्वारीची खळी आणि पेवे

सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण; पंढरपूरपासून सुमारे २५ किमी. ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध. येथील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी. हस्त नक्षत्राच्या आगेमागे पेरलेली शाळू ज्वारी या ओलीवरच पोसते आणि माघ-फाल्गुनात काढणीला येते. तेव्हा आभाळ निरभ्र असते आणि वारा कोरडा.

सगळीकडे असे नसते. स्कॉटलंडच्या जुन्या शेतवाड्यांत ओट आणि बार्ली दमटच घरी येई. त्यामुळे ते वाळवायला कोठाराला लागून दगडी भट्टी बांधत. खाली पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) विस्तव, वर काठ्यांवर पेंढा अंथरून त्यावर धान्य. मंगळवेढ्यात हे काम उन्हाकडे आहे, आधी रानात आणि मग खळ्यावर.

ताटे मुळासकट उपटून रानातच वाळवतात. मग कणसे मोडून खळ्यावर येतात. कडब्याच्या पेंढ्या बांधून बुचाड रचतात. पूर्वी खळ्याची जमीन भिजवून चोपायची, शेणाने सारवायची, मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवायचा. त्याभोवती बैलांची पात फिरे. मळलेले धान्य वावडीवर (उंच तिवईवर) उभे राहून वाऱ्यावर उफणत. भूस बाजूला उडे, पायाशी रास साठे. मळणीयंत्राने पात आणि तिवडा संपवले. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, ही परीक्षा मात्र जुनीच.

ती महत्त्वाची, कारण पूर्वी पुढचा मुक्काम पेवात असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे आणि रुंद पोटाचे कोठार. आतून कडबा-भुसाचे अस्तर, तोंडावर दगड, वर माती. हवा कोंडल्याने किडे जगत नाहीत. पण धान्य दमट असेल, तर सगळे पेव आंबते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते. म्हणून तोंड बराच वेळ मोकळे ठेवून आधी कंदील खाली सोडत. तो विझला, तर माणूस उतरत नसे.

साठवलेल्या या धान्याची एक आठवणही आहे. बहामनी काळात दुष्काळ पडला असता येथील अधिकारी दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, अशी परंपरेची कथा आहे. गावात त्यांचे मंदिर आहे.

रानापासून पेवापर्यंतच्या या सगळ्या प्रवासात ज्वारीला विस्तव लागतो तो एकदाच, आणि तोही ती कोवळी असताना: पौषातल्या थंडीत, शेताच्या बांधावर, गोवऱ्यांच्या आगटीत, हुरड्यासाठी.