शुश्रूषेचें मोल

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचे रोगी ओळखले, आणि थोड्याच महिन्यांत परदेशांतील शास्त्रज्ञ या रोगाच्या अभ्यासासाठीं मुंबईस येऊं लागले. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीनें १८९७ सालीं धाडलेल्या मंडळांत डॉ. हेर्मान म्यूलर हे तरुण वैद्य होते. आर्थर रोडच्या रुग्णालयांत रोग्यांच्या उशाशीं बसून त्यांनीं लक्षणें टिपलीं व ते सुखरूप परतले.

हें मंडळ मुंबईंत असतांनाच पुण्यास प्लेगनें एक थोर बळी घेतला. डॉ. यशवंत फुले यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथें सेवा करीत. त्या सेवेंतच त्यांना रोगानें गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वैद्याचा धोका त्याच्या घरच्या माणसांनाहि चुकत नाहीं.

पुढें १८९८ च्या ऑक्टोबरांत तोच धोका म्यूलर यांच्यापुढें उभा राहिला. मुंबईहून नेलेल्या जंतूंवर व्हिएन्नांत प्रयोग चालले होते. तेथील जनावरांची निगा राखणारा सेवक फ्रान्झ बारिश यास फुप्फुसांचा प्लेग झाला. गांठीचा प्लेग बहुधा उंदरांवरील पिसवांच्या दंशानें होतो. फुप्फुसांचा मात्र रोग्याच्या खोकल्याच्या तुषारांबरोबर जवळच्या माणसाच्या श्वासांत शिरतो. अर्थात् जो अधिक जवळ जाऊन सेवा करी, त्यालाच भय अधिक. बारिश १८ तारखेस वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या म्यूलर यांना स्वतःच्या थुंकींत तेच जंतु आढळले. त्यांनीं आपण होऊन एकांतवास पत्करला व २३ तारखेस प्राण सोडला. बारिशची परिचारिका आल्बिने पेखा हीहि त्याच महिन्यांत गेली. संपर्कांतील मंडळींना तत्काळ वेगळें ठेवल्यामुळें एवढें मोठें शहर मात्र बचावलें.

रोग जाण्यायेण्यास मायेचीच वाट धरतो, हें या घटनांचें मर्म होय. २०२० सालीं करोनाच्या सांथींत रुग्णालयांतून परतलेले कित्येक डॉक्टर व परिचारिका आपल्याच घरीं निराळ्या खोलींत राहिल्या, आणि मुलांना दारापलीकडूनच पाहत होत्या. अशा माणसांच्या धैर्याची स्तुति करणें सोपें आहे. परंतु धैर्यानें जंतु अडत नाहींत. ते मुखपट्टीनें, स्वच्छतेनें व विलगीकरणानें अडतात. तीं साधनें सेवकाच्या हातीं वेळेवर देणें, हेंच त्याच्या ऋणाची खरी फेड होय.