धनशेट्टींना पुढे करा

12 जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी होणारी भाषणं मला आता पाठ झाली आहेत. येरवडा, फाशी, इन्किलाब, आणि माईक पुढच्या पुढाऱ्याच्या हाती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. म्हणून सोलापूर ऐक्याचं शहर, हे वाक्यही ठरलेलं. 1931 साली हे चौघे फासावर कसे चढले ते सगळे सांगतात. त्याच्या आठ महिने आधी, 8 मे 1930 ला, धनशेट्टी काय करत होते हे मात्र कुणी बोलत नाही. शाळेत इतिहास शिकवायची तेव्हा मी आधी तेच सांगायची.

गांधीजींना अटक होऊन तीनच दिवस झाले होते. गिरण्यांचं गाव तापलेलं. रूपाभवानी मंदिराच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, पोलिसांनी काहींना धरलं, त्यांना सोडा म्हणून जमाव अडून बसला. कलेक्टर नाईट तिथे आले. पुढचं शहरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं ते असं: जमाव आवरेना, तेव्हा कलेक्टरांनी धनशेट्टींनाच गळ घातली, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. धनशेट्टी पुढे झाले आणि लोक ऐकू लागले. तेवढ्यात शंकर शिवदारे हा तरुण झेंडा घेऊन पुढे सरसावला, एका सार्जंटने गोळी झाडली आणि तो पडला. मग कुणाचं ऐकणार कोण?

नंतर जे झालं ते भाषणांत येत नाही. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली. पोलीस मारले गेले. तेही इथलेच, पगारावर पोट असलेले शिपाई. न्यायालयाची इमारत पेटवली. चौरीचौऱ्याला 1922 साली असंच झालं, तेव्हा गांधीजींनी अख्खं आंदोलनच थांबवलं होतं. या वेळी ते स्वतः तुरुंगात होते. थांबा म्हणणारं त्यांच्याएवढं मोठं माणूस बाहेर उरलं नव्हतं. जे काय करायचं ते गावातल्या कार्यकर्त्यांनीच.

आणि त्यांनी ते केलं. पोलीस शहरातून काढून घेतलेले, सरकार म्हणून काही दिसत नाही, अशा 9, 10 आणि 11 मे या तीन दिवसांत काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी गाव सांभाळलं. चौकात उभं राहून वाहतूक वळवली, रात्री पहारे दिले. या तीन दिवसांना आम्ही ‘सोलापूरचं स्वातंत्र्य’ म्हणतो आणि छाती फुगवतो. मला त्यातला झेंड्यापेक्षा पहारा मोठा वाटतो. परवा चौकी पेटवलेल्या गर्दीच्याच गावात, ज्यांच्या अंगावर ना गणवेश ना हाती अधिकार, त्यांनी दुकानं लुटू दिली नाहीत; हे सोपं नव्हतं.

सरकारला नेमकं हेच झोंबलं. 12 मेपासून 30 जूनपर्यंत मार्शल लॉ लागला. गांधी टोपी दिसली की शिपाई काढायला लावत. नगरपालिकेवरचा राष्ट्रध्वज उतरवला. आणि नियमांत एक कलम असं होतं की पोलिसांचं काम आपल्या अंगावर घेणं हाच गुन्हा. दंगल करणारा एकीकडे आणि चौकात टांगे थांबवून रांग लावणारा दुसरीकडे, दोघेही एकाच कोर्टापुढे!

या चौघांवर मंगळवार पेठेतल्या पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवला. ज्या धनशेट्टींना कलेक्टरांनी शांततेसाठी पुढे केलं होतं, तेही त्यात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी झाली. गांधीजी तेव्हा त्याच येरवड्यात कैदी होते. ते सुटले 26 तारखेला.

‘थांबा’ म्हणायची तशीच वेळ शहरावर पुन्हा आली ती ऑक्टोबर 2002 मध्ये. जेरी फॉलवेल नावाच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाने टीव्हीवर प्रेषितांबद्दल अवमानकारक वक्तव्य केलं. त्याला सोलापूर कुठे आहे हेही ठाऊक नसेल. पण निषेधाचा बंद इथे झाला, दंगल इथे पेटली, माणसं इथली मेली. संचारबंदी लागली. पुढाऱ्यांची पत्रकं आली: बाहेरच्या समाजकंटकांचं काम आहे. बाहेरचे म्हटलं की आपल्या मतदाराला दुखवायला लागत नाही, हे त्यांचं गणित. आपल्याच पोरांपुढे उभं राहून ‘बस्स’ म्हणायला धनशेट्टीच लागतो, आणि तो मते मोजत बसत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायर पेटला तेव्हा एकही पुढारी आला नाही. पुढे गेला तो शेजारचा यंत्रमागवाला. लुंगीवरच, केसांत कापसाचे तूस. सगळ्यात पुढच्या पोराला म्हणाला, “कुणाचं बे तू? बापाचं नाव सांग.” पोरगं गप्प. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. नाव सांगायची पाळी आली तशी टोळी मागच्या मागे विरली.

आठवड्याने पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. चहा, बिस्किटं, वहीत सह्या, वर्तमानपत्रात फोटो. मी त्या यंत्रमागवाल्याला म्हटलं, तू का नाही गेलास? तो म्हणाला, “बाई, मला कोण बोलावणार? आणि गेलो असतो तर रातपाळीला मागावर कोण उभारणार?”