मीरतचा सरकारी वकील

गेल्या पावसाळ्यात लातूरच्या आमच्या शाळेत मीरत कटाच्या खटल्याविषयी सांगत होतो. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, पण त्या लोकांनी केलं काय होतं?" प्रश्न साधाच. परंतु मीरतला सरकारी वकिलाने हाच प्रश्न मोठ्या शिताफीने बाजूला सारला होता!

२० मार्च १९२९ रोजी हिंदुस्थानभर एकदम धरपकड झाली. मुंबईचे डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, जर्मनीहून नुकतेच परतलेले डॉ. गंगाधर अधिकारी हे सारे त्यात सापडले. त्यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे साधे गिरणी कामगारही होते. आदल्या वर्षीचा सहा महिन्यांचा गिरणी-संप सरकारच्या डोळ्यांत सलत होता, हे सांगायला ज्योतिषी नको.

आरोप होता तो कलम १२१-अ खाली, बादशहाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याच्या कटाचा. या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे : कट सिद्ध होण्यास त्यानुसार काही कृत्य घडलेच पाहिजे असे नाही. म्हणजे बाँब नको, बंदूक नको. मसलत दाखविली की काम भागले. शिवाय खटला मुंबई-कलकत्त्यास चालता, तर ज्यूरी बसली असती. मीरतला ज्यूरी नव्हती. होते ते असेसर, आणि त्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते.

सरकारतर्फे उभे राहिले लँगफर्ड जेम्स, कलकत्त्याचे बॅरिस्टर. आपल्या प्रारंभीच्या भाषणात त्यांनी सांगितले, की ही माणसे देशाच्या, कुटुंबाच्या आणि देवाच्याही विरुद्ध आहेत. आता कलमात देवाचा उल्लेख कोठे आहे? मला वाटते, साहेबांचे तोंड न्यायासनाकडे असले तरी बोलणे चालले होते ते बाहेरच्या देशभक्त, देवभोळ्या वाचकाशी. आरोपींबद्दल त्याची सहानुभूती आटावी, एवढा खटाटोप!

पण कट शाबीत करायचा तर आधी साम्यवाद म्हणजे काय ते सांगणे भाग पडले. मार्क्स-लेनिनची जप्त पुस्तके पुराव्यात आली, कोर्टात वाचली गेली. आरोपींनीही लांबलचक निवेदने केली. डांग्यांचे तर शेकडो पानांचे. ज्या मताचे बी सरकारला जाळायचे होते, त्याची शिकवणी सरकारच्याच खर्चाने साडेतीन वर्षे चालली! निकाल ऐकायला जेम्ससाहेब मात्र उरले नाहीत. खटला चालू असतानाच ते वारले. आरोपींपैकी पुण्याचे वृद्ध ठेंगडीही निकालाआधीच गेले.

१६ जानेवारी १९३३ रोजी न्यायाधीश यॉर्क यांनी शिक्षा फर्मावल्या. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, डांग्यांना बारा वर्षे काळे पाणी. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने डांग्यांची शिक्षा तीन वर्षांवर आणली आणि आळवे, कासले यांना निर्दोष सोडले. धरपकडीला तोवर सव्वाचार वर्षे उलटून गेली होती.

मी पोराला कलम समजावून सांगितले. १ जुलै २०२४ पासून ते नव्या न्याय संहितेत १४८ क्रमांकाने आले आहे आणि ते स्पष्टीकरणही त्याखाली आहे, हेही सांगितले. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "सर, काही केलंच नसलं, तर 'मी ते केलं नाही' असं तरी माणसानं कशाबद्दल म्हणायचं?"