राष्ट्रपतिपदाची निवडणूक, २००७ : महाराष्ट्रातील मतदान

भारताच्या राष्ट्रपतिपदासाठी १९ जुलै २००७ रोजी झालेल्या निवडणुकीतील, पक्षीय युतीपेक्षा प्रादेशिक अस्मितेस प्राधान्य मिळाल्यामुळे लक्षणीय ठरलेले मतदान.

संयुक्त पुरोगामी आघाडी व डावे पक्ष यांच्या उमेदवार प्रतिभा देवीसिंह पाटील (१९ डिसेंबर १९३४– ) यांचा जन्म जळगाव जिल्ह्यात, भुसावळच्या पूर्वेकडील नाडगाव येथे झाला. विधानसभेवर त्या १९६२ मध्ये जळगावमधून आणि १९६७ पासून चार वेळा एदलाबाद (विद्यमान मुक्ताईनगर) मतदारसंघातून निवडून आल्या. प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत अपक्ष असले, तरी त्यांना राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा पाठिंबा होता. शिवसेना या आघाडीतील घटक पक्ष. तथापि मराठी व्यक्तीस सर्वोच्च पद मिळावे, या भूमिकेवरून बाळासाहेब ठाकरे यांनी पाटील यांना पाठिंबा दिला. परिणामी राज्यातील युतीचे दोन पक्ष परस्परविरुद्ध बाजूंस गेले.

या निवडणुकीत संसद व विधानसभा यांचे निर्वाचित सदस्यच गुप्त मतदान करतात. १९७१ च्या जनगणनेच्या आधारे महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ व २८८ सदस्यांचे मिळून ५०,४०० होते. खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. पाटील यांना ६,३८,११६, तर शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. हे ३,०६,८१० चे अंतर पाहता शिवसेनेची मते निर्णायक नव्हती. त्यांचे महत्त्व राजकीय होते. २५ जुलै रोजी खानदेशकन्या पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०१२ मध्येही शिवसेनेने युतीची चौकट ओलांडून प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला.