मळ्यावरची भाजी व आपला नाका

स्मरणिकेसाठी काही लिहा असा मंडळाचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा रोज हाती येणारा विषयच घेतला आहे, तो म्हणजे भाजी. ती आपल्या चुलीपर्यंत कोणत्या वाटांनी येत गेली, यालाही इतिहास आहे.

आपल्या गावाच्या नावातच नाका आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. पलीकडचे वाशीम इंग्रजी अमलात गेले व अलीकडचे हिंगोली निजामाकडे राहिले. या हद्दीवर करोडगिरीचे नाके असत व मालावर जकात घेतली जाई. नाणेही निराळे. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. दोन कोसांवर पिकलेला जिन्नस आणायचा, तरी मध्ये सरकार व सराफ दोघेही उभे! १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ एकाच मुंबई राज्यात आले आणि ही हद्द केवळ जिल्ह्याजिल्ह्यांतली उरली.

दुसरा नाका बाजाराचा. पूर्वी व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. हे थांबावे म्हणून नियंत्रित बाजार निघाले. देशातला असा पहिला बाजार १८८६ साली आपल्या जवळच्याच कारंजास कापसासाठी सुरू झाला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. त्याने उघड लिलाव व चोख वजन आले, हा लाभ मोठाच. पण भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. ती खरेदीदाराने द्यावी असे २०१६ साली ठरले. त्याच वर्षी फळे व भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक मिळाली आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडी बाजार सुरू झाले. सावतोबा म्हणजे आपल्या नरसीच्या नामदेवांचे समकालीन. मळ्यातच देव पाहणारे.

एक गोष्ट मात्र पुष्कळ जणींना ठाऊक नसते. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेले विकावे व आपण घरच्या खाण्यापुरते घ्यावे, याला १९६३ च्या कायद्यानेही मनाई केली नव्हती. मळ्याची वाट आपल्याला मोकळीच होती.

ती आज का धरावी, ते सांगते. गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या बाईने मेथी शहराच्या बाजारात पाठवली. गाडीभाडे व हमाली जाऊन जुडीमागे दोन रुपये हाती आले. त्याच आठवड्यात आपण मेथीची जुडी दहा रुपयांना घेत होतो. पुढचा वाफा तिने खुडलाच नाही, गुरे सोडली. आता आम्ही सहा जणी मंगळवारी व शुक्रवारी तिच्या मळ्यावर जातो. सहा रुपये जुडी देतो. भाजी सकाळची असते व पैसा बाईच्या हाती पडतो. तिच्या मुलीची शाळेची वही त्यातूनच येते.

यासाठी काही पथ्ये आपण पाळावीत. ठरल्या दरात घासाघीस नको. वर कोथिंबीर-मिरची फुकट मागू नये. उधारी ठेवू नये. मुख्य म्हणजे ज्या दिवसांत जे पिकते ते आनंदाने घ्यावे. पावसाळ्यात अंबाडी, चुका. थंडीत मेथी, वांगी, तुरीच्या शेंगा. उन्हाळ्यात विहीर आटली की मळाही थांबतो. त्या दिवसांसाठी सांडगे व वाळवण घालावे, डाळ व हळदही वर्षाची शेतावरूनच भरावी.

करोडगिरीचा नाका उठण्यास राज्य जावे लागले. आपल्या व मळेवालीच्या मधला नाका उठण्यास चार पिशव्या व थोडी पायपीट पुरे. मंडळाने नव्या वर्षात आठवड्याचा एक दिवस ठरवावा, ही माझी विनंती आहे.