डाग पुसले, विसर राहिला

१९०१, फ्रँकफर्ट. डॉ. आलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांना नवऱ्याचं नाव विचारलं; त्यांनी स्वतःचंच सांगितलं. १९०६मध्ये त्या गेल्यावर त्यांच्या मेंदूत पुंजके दिसले. ते अमायलॉइड प्रथिनाचे, हे खूप नंतर कळलं.

मग सगळे या 'बग'मागे लागले. १९९९मध्ये लसीने उंदरांच्या मेंदूतले पुंजके हटले. माणसांवरची चाचणी मात्र काही रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याने २००२मध्ये थांबली. पुढे शवविच्छेदनात काही मेंदू जवळजवळ स्वच्छ निघाले, पण त्या माणसांचा विसर वाढतच गेला होता.

अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर झालेलं लेकॅनेमॅब हे अँटिबॉडी-औषधही पुंजके काढतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण १८ महिन्यांत २७ टक्क्यांनी मंदावली.

लॉग पुसल्याने बग जात नाही, हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. तरी आईने आपलं नाव विसरायला थोडा उशीर होणार असेल, तर तो उशीर कोणाला नको असेल?