आधी भाकरी, मग अक्षर

माधवनगर-सांगलीपासून साताऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी गरीब घरच्या मुलाचे शिक्षण बहुधा मुक्कामापाशी अडे. हायस्कूल शहरात, आणि शहरात ना निजायला जागा, ना दोन वेळच्या भाकरीची सोय. ही अडचण ओळखून पुढे आलेल्यांत धर्माच्या नावाने एकत्र आलेली माणसे ठळक दिसतात. 1899 मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. 1901 मध्ये राजर्षी शाहूंच्या पाठबळाने कोल्हापुरात मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची बोर्डिंगे उभी राहिली. लिंगायत आणि मुस्लिम समाजाची पुढे झाली. सांगलीत अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने मुलांच्या शिक्षणाला हातउद्योगाची जोड दिली. पंथ वेगवेगळे असले, तरी श्रद्धेचा खरा आधार मुलांना प्रवचनातून मिळाला नाही. तो छप्पर आणि जेवणातून मिळाला.

यावर आक्षेप असा की, समाजवार बोर्डिंगांनी जातींच्या भिंती पक्क्या केल्या. आक्षेपात तथ्य आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकणारे भाऊराव पाटील अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पण आसरा द्यावा ही शिकवण आणि आसऱ्याला जातीचे कुंपण नसावे हा हट्ट, दोन्ही त्यांनी तिथूनच उचलले. 1919 मध्ये कराडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तिथे मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि कष्ट करून शिकत.

हे समाजसुधारणेचे काम, यात धर्म कुठे, असेही कोणी विचारील. भाऊरावांची सत्यशोधक निष्ठा एकाच निर्मिकाची सारी लेकरे समान मानणारी होती. कर्मठ संस्कारांत वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी सोवळे बाजूला ठेवून या मुलांना पोटाशी धरले आणि बोर्डिंग चालावे म्हणून मंगळसूत्रासह दागिने दिले. दयाधर्म आचरणात आणणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

आजही खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलामुलींपुढे खोली आणि खाणावळीचा खर्च उभा आहे. आपल्या भागातील देवस्थाने, मठ, मशिदी, चर्च आणि जैन संस्थांनी उत्सवाच्या खर्चाआधी काही मुलांच्या राहण्याजेवण्याचा भार उचलावा, आणि तो उचलताना जात विचारू नये.